कांकणांचा आवाज आणि आपल्या मंदिराचा ग्रुप

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या या अंकात दरवर्षी माझ्या वाट्याला जमाखर्चाचं पान येतं. मी कॉमर्सचा पदवीधर, ३६ वर्षं बँकेत कारकुनी केली, त्यामुळे प्रवचन करण्याचा माझा अधिकार नाही हे मी जाणून आहे. पण यंदा मीच संपादकांच्या मागे लागलो. म्हटलं, दोन-तीन पानं द्या, मला चोवीस गुरूंबद्दल थोडं लिहायचं आहे आणि माझी एक चूकही सांगायची आहे. ते म्हणाले, चूक कुठली? म्हटलं, ग्रुपवरची. ते एकदम गप्प झाले, कारण ती त्यांनाही ठाऊक होती.

आपण सारे जाणतोच की भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. यदूला अरण्यात एक तेजस्वी, निश्चिंत अवधूत भेटले. हेच आपले दत्तमहाराज, अशी आपली परंपरागत श्रद्धा. राजाने विचारलं, तुमच्याजवळ काहीच नाही, तरी तुम्ही इतके आनंदात कसे? तेव्हा अवधूतांनी आपले चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य यांच्यापासून सुरुवात करून ते अजगर, पतंग, मधमाशी, हरीण, मासा, बाण करणारा कारागीर, कोळी यांच्यापर्यंत आले. नाथमहाराजांनी या अकराव्या स्कंधावर जी मराठी टीका लिहिली, ती शके १४९५ मध्ये काशीला पूर्ण झाली. म्हणजे साडेचारशे वर्षं हा विषय मराठी घरात वाचला जातो आहे. आता तोच विषय हातातल्या फोनला लावायचा म्हणजे काहींना पोरकटपणा वाटेल. पण अवधूतांनी तरी काय केलं? जे रोज डोळ्यांसमोर होतं, त्यालाच गुरू केलं. आज सकाळी उठल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पहिलं काय येतं, ते ज्याने त्याने मनाशी आठवावं.

आधी ग्रुपची चांगली बाजू सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला मोबाईलचा राग आहे असं तरुण मंडळी म्हणतील.

आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरू झाला तो २०२० च्या टाळेबंदीत. मार्चमध्ये मंदिराला कुलूप लागलं आणि राज्यातली मंदिरं उघडली ती एकदम १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला. ते आठ महिने ज्यांनी काढले त्यांना विचारा. पुजारीकाका एकटे गाभाऱ्यात आरती करत, त्यांचा मुलगा उंबऱ्याशी उभा राहून फोनवर ती दाखवी, आणि आम्ही घरोघरी टाळ घेऊन बसायचो. कुणाचा टाळ पुढे, कुणाचा मागे, सगळा गोंधळ. पण सायंकाळी सात वाजता हातात टाळ असायचा, हे महत्त्वाचं. पुढे दत्तजयंतीला मंदिर उघडलेलं असलं तरी गर्दी करायची नव्हती, म्हणून गुरुचरित्राचा सप्ताह ज्याने त्याने घरी वाचायचं ठरलं. मी रोज सकाळी ग्रुपवर टाकायचो : आजचा पाठ १ ते ९, मग १० ते २१, असं. वाचन झालं की प्रत्येकाने ‘वाचन झाले’ एवढंच लिहायचं. पाचव्या दिवशी, म्हणजे ३६ ते ३८ हे तीन अध्याय होते त्या दिवशी, एका आजींचा मेसेज दुपारपर्यंत आला नाही. ऐंशी पार केलेल्या, घरात एकट्या. शेजारच्या वहिनींना फोन केला, तर आजी न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. (हे लिहायला आजींची हरकत नाही, मी विचारून घेतलं आहे. विचारून घेतलं आहे हे मुद्दाम का सांगतो, ते पुढे येईलच.)

आजही परदेशी असलेल्या आपल्या काही मुली त्यांच्या सकाळी उठून इथली सायंकाळची आरती बघतात. त्यात वाईट काय आहे? माझ्या मते काहीच नाही. महाराजांची मूर्ती काचेच्या पडद्यावर आली म्हणून ती काही कमी पवित्र होत नाही. आपण भिंतीवर तसबीर लावतोच की.

आता माझी चूक.

दीडएक वर्षापूर्वी एका गुरुवारी आरती झाल्यावर एक ताई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या घरात एक अडचण उभी राहिली होती. काय होती ते इथे लिहिणार नाही. त्यांनी मला ती हळू आवाजात सांगितली आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही रोज गाभाऱ्याजवळ असता, महाराजांच्या कानावर घाला.” मी म्हटलं, घालतो. प्रसाद दिला, त्या गेल्या.

घरी येऊन मी काय केलं? चहा पिता पिता ग्रुपवर लिहिलं : अमुक ताईंच्या घरी असं असं झालं आहे, तरी सर्व दत्तभक्तांनी आज रात्री त्यांच्यासाठी एक माळ जप करावा. सव्वादोनशे माणसांचा ग्रुप. दहा मिनिटांत चाळीस-पन्नास जोडलेले हात आले. कुणी ‘श्रीगुरुदेव दत्त’, कुणी ‘महाराज पाठीशी आहेत’. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आपण काहीतरी केलं असं वाटलं. दर दोन मिनिटांनी फोन उघडून आणखी किती हात आले ते मी मोजत होतो. त्यातले किती मला आणि किती महाराजांना, हा हिशोब काही मी केला नाही.

त्याच रात्री कुणीतरी तो मेसेज आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुढे पाठवला. तेही जप व्हावा म्हणूनच, वाईट हेतूने नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ताईंच्या सासरच्या गावी पोचला होता. जे त्यांनी सख्ख्या दिराला सांगितलं नव्हतं, ते दिराला दुसऱ्याच्या फोनवर वाचायला मिळालं.

मला कळल्याबरोबर मी मेसेज काढून टाकला. पाठवलेला मेसेज साधारण अडीच दिवसांच्या आत सर्वांच्या फोनवरून काढता येतो. पण पुढे पाठवलेली प्रत कोण काढणार? शिवाय काढला की त्या जागी ‘हा मेसेज काढून टाकला’ अशी एक ओळ तशीच राहते. ज्यांनी वाचला नव्हता ते त्या ओळीमुळे विचारू लागले, की काय होतं हो? झाकायला गेलो आणि आणखी उघडं केलं.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “काका, मी महाराजांना सांगायला सांगितलं होतं.”

बँकेत लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी निष्ठा आणि गुप्तता पाळण्याच्या घोषणापत्रावर माझी सही घेतली होती. ३६ वर्षांत मी कुणाच्या खात्यातली शिल्लक दुसऱ्याला सांगितली नाही. एकदा माझ्या मेव्हण्याने एका होणाऱ्या व्याह्याच्या ठेवी किती आहेत ते विचारलं, तर त्यालाही सांगितलं नाही. तो सहा महिने बोलला नाही माझ्याशी. लोकांचा पैसा मी असा सांभाळला. आणि एका बाईने विश्वासाने दिलेलं दुःख, जे कुठल्याही ठेवीपेक्षा मोठं, ते चहाच्या कपाबरोबर सव्वादोनशे जणांत वाटून टाकलं. मंदिरात कुणी सही घेतली नव्हती ना!

त्या रात्री झोप येईना म्हणून भागवत उघडलं. चोवीस गुरूंपैकी कुमारीची कथा निघाली. आपण सगळ्यांनी ती ऐकली आहे. मुलीला बघायला पाहुणे आले, घरात ती एकटी. पाहुण्यांच्या जेवणासाठी साळी कांडायला बसली, तर हातातली कांकणं वाजू लागली. तिला लाज वाटली. तिने एकेक कांकण काढत हातात दोन-दोन ठेवली, तरी आवाज होईचना थांबायचा. शेवटी एकेकच ठेवलं तेव्हा आवाज थांबला. यावरून कीर्तनकार नेहमी सांगतात की अनेक एकत्र आले की कलह, दोघे असले तरी गप्पा, म्हणून साधकाने एकट्याने राहावं. ते बरोबरच आहे, अवधूतांनी तेच सांगितलं आहे.

पण त्या रात्री माझं मन वेगळ्याच जागी अडकलं. त्या मुलीला लाज कशाची वाटली? कांडण घरात करावं लागतं, दाण्याचा साठा नाही, कामाला माणूस नाही, हे घरातलं उणं ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून. ती खोटं बोलत नव्हती. पाहुण्यांना फसवत नव्हती, उलट त्यांच्यासाठीच राबत होती. तिला फक्त घराची अब्रू राखायची होती. आणि मी काय केलं, तर दुसऱ्याच्या घरातली कांकणं जोरजोरात वाजवून दाखवली, तीही भक्तीच्या नावाखाली.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. गुरुचरित्राची आपण एवढी पारायणं करतो, पण ते सगळं चरित्र कुणी कुणाला सांगितलं? सिद्धांनी नामधारकाला. एकाने एकाला. नामधारक गोंधळतो, विचारतो, सिद्ध त्याला धीर देऊन पुढची कथा सांगतात. दुःखी माणसाशी असंच बोलायचं असतं. तेव्हापासून माझा नियम असा : कुणाची अडचण कळली तर फोन उचलायचा आणि त्या एका माणसाला लावायचा. बोटांनी नाही, तोंडाने बोलायचं.

पत्नीला घेऊन ताईंकडे माफी मागायला गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं. चहा झाला नाही. मीही अपेक्षा धरली नव्हती. हा लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “तुमचं चुकलं ते लिहा. माझं काय होतं ते नको.” त्याप्रमाणे लिहिलं आहे. वाचकांनीही या ताई कोण म्हणून शोध घेऊ नये, ही हात जोडून विनंती.

आता इतर गोष्टी जरा भरभर सांगतो.

‘हा मेसेज अकरा जणांना पाठवा, गुरुवारपर्यंत शुभवार्ता येईल, न पाठवल्यास अनर्थ होईल.’ आपल्या पिढीला हे नवीन नाही. पूर्वी पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर हेच यायचं आणि घरातली बाई घाबरून रात्री बसून अकरा कार्डं लिहायची. तेव्हा निदान पैसे आणि हात दोन्ही झिजायचे, म्हणून संख्या आटोक्यात असायची. आता एका बोटाने होतं. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा कंपनीने घातली. २०२० पासून फार फिरलेला मेसेज, ज्याच्यावर दोन बाण दिसतात, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे यंत्राने आपल्याला आवरलं, आपण आपल्याला नाही. अहो, दत्तमहाराजांना ‘स्मर्तृगामी’ म्हणतात, आठवण करताच धावून येणारे. ते धमकी कशाला देतील? असा मेसेज आला की दोन बाण बघायचे, नमस्कार करायचा आणि तिथेच थांबवायचा. काही होत नाही. मी वर्षभर थांबवतो आहे. शुगर आहे, पण ती आधीपासूनच होती.

कुणी म्हणेल, अवधूतांनी अजगराला गुरू केलं, जे आपोआप समोर येईल ते स्वीकारावं. त्यांना माझं नम्र उत्तर असं की अजगराचा गुण आहाराबाबत सांगितला आहे, मेसेजबाबत नाही. आणि अजगर निदान खाल्लेलं दुसऱ्याला पाठवत नाही.

नृसिंहवाडीच्या दक्षिणद्वाराचं तर दर पावसाळ्यात होतं. कृष्णेचं पाणी चढत चढत गाभाऱ्यात येतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात स्नान करायला भाविक धावतात. मोठं पुण्य मानतात ते, आणि मीही मानतो. पण पाणी काही आपल्या सोयीने चढत-उतरत नाही. आपल्यातले एक गृहस्थ असाच एक व्हिडिओ बघून पहाटेच्या गाडीने निघाले. तिथे पोचले तर पाणी पायऱ्यांवरच. व्हिडिओ आदल्या वर्षीचा होता. दर्शन झालं, बासुंदी खाल्ली, परत आले, त्यामुळे तक्रार नाही. पण उलटंही होऊ शकतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्याचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. जुना ‘पाणी ओसरलं’ म्हणणारा मेसेज बघून सत्तरीतला माणूस पुरात निघाला तर? तेव्हा तारीख बघितल्याशिवाय व्हिडिओ पुढे ढकलू नका. देवस्थानला किंवा वाडीतल्या आपल्या ओळखीच्या पुजाऱ्यांना एक फोन करून मगच गाडी काढा.

इथे मला नाथमहाराजांची पैची गोष्ट आठवते. देवगडावर जनार्दनस्वामींकडे हिशोबाचं काम करत असताना एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापुढे वह्या घेऊन बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, ती भगवंतापाशी लागली तर काय होईल! बँकवाल्यांची ही लाडकी गोष्ट. संगणक यायच्या आधी आम्हीही दिवसअखेर रोकड जुळेना म्हणून रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसलो आहोत. एका पैसाठी रात्र जागवणारा गुरुबंधू आपला, आणि आपण मेसेज पूर्ण वाचायच्या आधीच पुढे पाठवतो!

देणग्यांचं मात्र नीट ऐका. जीर्णोद्धार, अन्नदान अशा नावाने चौकटीचं चित्र येतं, त्यावर फोन धरला की पैसे जातात. पैसे पाठवण्याआधी समोर नाव दिसतं, ते वाचा. तिथे मंदिराच्या न्यासाचं नाव नसून कुणा व्यक्तीचं नाव असेल तर थांबा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो देण्यासाठीच. कुणी ‘प्रसादाची रक्कम परत करतो, पिन टाका’ म्हणाला तर फोन बंद करा. फसलातच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. बँकेत आमच्याकडे व्हाउचर एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासून पास करायचं असा दंडक होता. आता आपल्या ग्रुपवर देणगीचा कुठलाही मेसेज असाच जातो. मी लिहितो, कोषाध्यक्ष तपासतात, मग टाकतो. वेळ लागतो. लागू दे.

शेवटचं, जन्मकाळाचं. गेल्या वर्षी सायंकाळी पाळणा हलला, गुलाल उधळला, आणि त्या क्षणी माझ्यासमोर पाळणा नव्हताच, तीस-चाळीस फोन वर धरलेले होते. मागे खुर्च्यांवर बसलेल्या आजी-आजोबांना पुढच्या माणसाच्या फोनवर महाराज दिसले. बाण करणाऱ्या कारागिराच्या शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली तरी त्याला कळलं नाही, इतका तो बाणाच्या टोकात रमला होता. आमचं उलटं, समोर महाराज आणि आम्ही मिरवणुकीच्या चित्रीकरणात रमलेले. यंदा विश्वस्तांनी ठरवलं आहे की पाळण्याचं चित्रण पुजारीकाकांचा मुलगा एकटा, कोपऱ्यात उभा राहून करील आणि रात्री ग्रुपवर टाकेल. बाकी सगळ्यांचे फोन दारातल्या टोपल्यांत. टोपल्यांपाशी मी बसणार आहे, बिल्ला देणार आहे, टोकनसारखा. बिल्ला हरवला तर जुन्या कॅशिअरच्या सवयीने दहा प्रश्न विचारीन, राग मानू नका.

प्रार्थनेसाठी आता एक वही ठेवली आहे, साधी दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. ती गाभाऱ्याच्या डाव्या बाजूला कोनाड्यात असते. ज्याला जे महाराजांना सांगायचं ते त्याने स्वतः लिहावं, नाव नाही लिहिलं तरी चालतं. गुरुवारी आरतीआधी पुजारीकाका ती मिटूनच पादुकांसमोर ठेवतात आणि आरती झाल्यावर परत कोनाड्यात ठेवतात. ग्रुपवर मी फक्त ‘वही महाराजांपुढे ठेवली’ एवढं लिहितो.

श्रावणात एका गुरुवारी त्या ताई आल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि कोनाड्याशी उभ्या राहून बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या. मी प्रसादाच्या पराताकडे वळलो. वही मी उघडत नाही.